जुन्या गाडीचा हीटर: तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. माझी २००६ची कोरोला, मुक्काम मिनियापोलिस. ऐन जानेवारीत हीटरमधून नुसता कोमट वारा यायला लागला. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच हीटर कोर (गाडीच्या आत ऊब देणारा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) बदलायला सांगितलं. त्यासाठी डॅशबोर्ड खोलावा लागतो, मजुरीतच खिसा रिकामा. मी आधी टेंपरेचरचा काटा बघितला. गावात मध्यावर, हायवेला लागलं की खाली! थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडाच अडकला होता. साधारण ८२ ते ९० अंश सेल्सियसपर्यंत त्याने बंद राहायला हवं. नाहीतर कूलंट सतत रेडिएटरमधून फिरतं आणि थंडीत तापतच नाही. तेवढा एक बदलला, हीटर ठणठणीत. तुमच्याकडे काय निघालं? लक्षण आणि कारण दोन्ही लिहा, कुणाचा तरी खर्च वाचेल.

टोरांटोहून: आमचं उलटं होतं. गाडी पळताना गरम, सिग्नलला थांबली की गार. कूलंट कमी झालं होतं. भरलं, आत अडकलेली हवा काढली, तरी काही दिवसांत परत तेच. जमिनीवर एक थेंब नाही. मग काचेवरची वाफ पुसताना हाताला तेलकट लागलं, गाडीत गोडसर वास, आणि शेजारच्या सीटपुढचा गालिचा खालून चिकट ओला. इथे मात्र खरोखरच हीटर कोर गळत होता. घरात कुत्रं-मांजर असेल तर सांडलेलं कूलंट लगेच पुसा, गोड असलं तरी ते विष आहे.

पुण्याहून: सेकंडहँड वॅगनआर घेऊन डिसेंबरात मनालीला जायचं ठरलं, म्हणून निघण्याआधीच हीटर लावून बघितला. गार! बॉनेटखाली पाहिलं तर केबिनकडे जाणारे दोन्ही होज काढून एकच पाइप वळवून इंजिनला जोडलेला. आपल्याकडे हीटर लागतो कुठे, म्हणून आधी कुणीतरी बायपास केला असणार. होज परत जोडले. इंजिन तापल्यावर हात लावला, तर एक चटका देणारा, दुसरा गार. म्हणजे कोर तुंबलेला. फिटरने बाहेरच्या तोंडातून उलटं पाणी सोडलं, अगदी हलक्या दाबाने, तर गंजाचा लाल गाळ निघतच राहिला. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घातल्याचा परिणाम. पाणी स्वच्छ आल्यावर नवं कूलंट भरलं. रोहतांगच्या बाजूला गाडीत स्वेटर काढून बसलो होतो.

नागपूरहून: ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर आधी त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर बघा. स्वस्तातलं काम आहे.

न्यू जर्सीहून: ड्रायव्हरच्या बाजूला गार, शेजारी गरम, आणि डॅशबोर्डमागे टकटक. ब्लेंड डोअरची (गरम-गार हवा मिसळणाऱ्या झडपेची) छोटी मोटर गेली होती.

लंडनहून: वरच्या टोरांटोच्या अनुभवात एक भर. कूलंट कमी होतंय पण आतबाहेर कुठेच ओल नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, असं असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधल्या सीलची) शंका घ्या आणि गाडी चालवू नका. रेडिएटरचं झाकण तापलेल्या इंजिनवर उघडू नका, आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मग बघा.