मदत हवी आहे: विहिरीवरचा डोंगर पोखरतायत, पाणी योजनेला पैसे कुठून आणू?

डोंगरपायथा
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. सोमवारी सभा आहे आणि पाणी योजनेच्या ठरावाचा मसुदा मला करायचाय. आमची उद्भव विहीर, म्हणजे जिच्यातून गावाला पाणी येतं ती, नाल्याकाठी आहे. तिच्या थेट वरच्या डोंगरावर दोन महिने पोकलेन चाललंय, रात्री मुरमाचे डंपर उतरतात. गेल्या आठवड्यातल्या वळवात विहिरीत लाल गाळ आला, चार दिवस गढूळ पाणी प्यायलो. पाइप जुने, टाकी गळते. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, तरी मार्चपासून टँकर! मी म्हणतो आधी डोंगर वाचवा, बाकीचे म्हणतात आधी पाइप आणा. दोन्हीला पैसे कोणत्या योजनेतून मिळतील? लवकर सांगा.

निवृत्त शाखा अभियंता
जलजीवन मिशन. माणशी रोज ५५ लिटर धरून अंदाजपत्रक होतं. गावातल्या कामांच्या खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी, निम्म्याहून जास्त वस्ती आदिवासी असेल तर ५ टक्के. पाणीपुरवठा समितीचा ठराव घ्या. डोंगराचं नंतर बघता येईल.

सिन्नरचा शेतकरी
नंतर कसं बघणार? आमच्याकडे टाकी झाली, घरोघर नळ आले आणि फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसला. नळ काय वाऱ्याचे? आपला सगळा काळा कातळ. पाणी धरतो तो वरचा झिजलेला मुरूम आणि कातळातल्या भेगा. मुरूम उचलून नेला म्हणजे तुमची पाण्याची कोठीच उचलून नेली. माथ्यापासून समतल चर, म्हणजे उताराला आडवे सारख्या उंचीवरचे खड्डे घ्या, ओघळींत अनगड दगडी बांध घाला, चराईबंदी करा. मग खाली उतरा.

निवृत्त शाखा अभियंता
चर तीव्र उतारावर टिकत नाहीत, दोन पावसाळ्यांत गाळाने भरतात. अख्ख्या गावाची योजना चरांच्या भरवशावर मंजूर होत नसते.

सिन्नरचा शेतकरी
भरतात, म्हणून दर उन्हाळ्यात उपसायचे. तुमचा पंप नाही का दुरुस्त करावा लागत?

गिरणाकाठ
दोन हजार मिलिमीटर पडून ते नार, पार, दमणगंगेतून समुद्राला जातं आणि आम्ही मालेगावकडचे आभाळाकडे बघतो. ते पाणी गिरणेत वळवणारा नार-पार-गिरणा जोड आधी झाला पाहिजे.

पेठवाली
गिरणाकाठ दादा, आमच्या उशाचं पाणी पूर्वेला न्यायच्या आधी इथल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरवा. माझी आई अजून पहाटे चारला झऱ्यावर जाते. वाटी-वाटीने पाणी भरते.

गंगापूररोड
वरून घेतात, खालून घेतात! ऊर्ध्व वैतरणेचं मुंबईला, इथल्या धरणांचं समन्यायी वाटपात, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत सारखं वाटायचं म्हणून, जायकवाडीला. नाशिकने किती द्यायचं?

गोदातीर
गढूळ पाण्यावर घरी आरओ बसवा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, पाचशेच्या आत ठेवा. आमचा सहा वर्षं चालू आहे.

डोंगरपायथा
अहो, सगळ्या गावाला आरओ कुठून बसवू? माझ्या प्रश्नाचं बोला ना. आज शुक्रवार आहे.

संपादक
नार-पार आणि जायकवाडीसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

सातबारा बघणारी
दोन गोष्टी सांगितल्याच नाहीत भाऊ. डोंगराचा गट कोणाच्या नावावर? मालकी, गायरान की वन? आणि तुमच्याकडे ग्रामपंचायत आहे की नगरपंचायत?

डोंगरपायथा
नगरपंचायत. तालुक्याचं गाव आहे, वाटलं कळेलच. वस्ती नऊ हजाराच्या आसपास. डोंगर कोणाचा ते बघितलं नाही. मालकीचाच आहे असं सगळे म्हणतात.

निवृत्त शाखा अभियंता
हे पहिल्या ओळीत हवं होतं! मग माझं वरचं सगळं मागे घेतो. जलजीवन ग्रामीण भागासाठी आहे, तुम्हाला लागू नाही. तुम्हाला अमृत २.०. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्व शहरांसाठी सुरू झाली; अजून खुली आहे का ते विचारून घ्या. एक लाखाखालच्या शहरांना केंद्र मंजूर खर्चाच्या निम्मा वाटा देतं, उरलेला राज्य आणि नगरपंचायतीने उचलायचा. केंद्राचा निधी २०:४०:४० अशा तीन हप्त्यांत येतो, त्यामुळे पहिलं काम रखडलं की पुढचं सगळं अडतं. मुख्याधिकाऱ्यांना सविस्तर प्रकल्प अहवाल कुठे अडलाय ते विचारा. आणि सिन्नरकर, एक मान्य करतो. या योजनेत तलाव, जलस्रोत पुनरुज्जीवनाचाही भाग आहे. विहिरीच्या वर पाझर तलाव असेल तर तो त्यात मागा.

डोंगरपायथा
आहे, वर जुना पाझर तलाव आहे! गाळाने अर्धा भरलाय. लिहायचं राहिलं.

सिन्नरचा शेतकरी
अहो, हेच तर मुख्य होतं! गाळ काढा, पण वरचं खोदकाम थांबल्याशिवाय नको, नाहीतर एका पावसात पुन्हा तेवढाच भरेल.

सातबारा बघणारी
खोदकामाचं मी सांगते. परवाना आहे का, किती ब्रासचा, कोणत्या गटातला, हे तहसील कार्यालयात लेखी मागा. विनापरवाना असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि ४८(८) खाली यंत्रंही जप्त होतात. डंपरचे फोटो तारीख-वेळेसकट ठेवा. ठरावात विहिरीचा पाणलोट गटनंबरांसह लिहून घ्या. नुसतं 'डोंगर वाचवा' लिहिलंत तर कागदावर त्याला काही किंमत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून उद्भवाचा अहवालही मागा.

पेठवाली
आणि रात्री एकटे फोटो काढायला जाऊ नका दादा. चार-पाच जण मिळून जा.

डोंगरपायथा
आत्ताच ऑनलाइन सातबारा काढला. ज्या गटात पोकलेन उभं आहे तो मालकीचा आहे. पण शेजारचा गट वन विभागाचा निघाला आणि खोदकाम त्या हद्दीच्या दगडापलीकडे गेलंय, मी स्वतः बघून आलो. आता वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जाऊ की आधी तहसीलदारांकडे?

सातबारा बघणारी
दोन्हीकडे एकाच दिवशी. वनाकडे आधी, आणि दोन्हींची पोच घ्या. हद्दीच्या दगडाचा फोटो काढलात का?

डोंगरपायथा
नाही काढला. उजाडलं की तिघं जण जातोय.