बॉक्स स्कोअर: नेम सरस, तरी ८ गुणांनी हार. हिशेब कसा लावायचा?

आर्कबाहेर

सरावासाठी बास्केटबॉल सामन्याचा एक नमुना बॉक्स स्कोअर (आकड्यांचा तक्ता) शीटमध्ये मांडला आहे. एनबीएचे (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) नियम, ४८ मिनिटं. संघांना अ आणि ब म्हणू.

अ: फील्ड गोल (चालू खेळातले शॉट, यशस्वी/प्रयत्न) ४१/८४, त्यातले थ्री (लांबून मारलेले ३ गुणांचे) ८/२५, फ्री थ्रो (फाउलनंतरचे १ गुणाचे) १२/१६, रिबाउंड (शॉट चुकल्यावर पकडलेला चेंडू) आक्रमणात ७ आणि बचावात ३५, टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला ताबा) १६. गुण १०२.
ब: फील्ड गोल ४०/९१, थ्री १४/३८, फ्री थ्रो १६/२०, रिबाउंड आक्रमणात ११ आणि बचावात ३३, टर्नओव्हर ११. गुण ११०.

अ ची फील्ड गोल टक्केवारी ४८.८, ब ची ४४. बास्केटही अ ची एक जास्त. तरी अ हरला. नेमका फरक कुठे पडला, हे आकड्यांतून कसं काढायचं?

दुसरं म्हणजे, अ च्या मुख्य स्कोअररचे ३६ मिनिटांत २४ गुण (९/२१, थ्री ३/९, फ्री थ्रो ३/४), पण प्लस-मायनस (तो मैदानात असतानाचा गुणफरक) उणे १४. हे कसं वाचायचं? आणि प्ले-बाय-प्लेवरून (प्रत्येक चालीची क्रमवार नोंद) मोजलं तर अ चे आक्रमक रिबाउंड ७ नाही, ११ येतात, ते का? जाणकारांनी सांगावं.

फळीवरून

साधी टक्केवारी बाजूला ठेवा, ती थ्री आणि टू एकाच मापाने मोजते. इफेक्टिव्ह फील्ड गोल काढा: यशस्वी शॉट्समध्ये यशस्वी थ्रीची निम्मी संख्या मिळवायची आणि एकूण प्रयत्नांनी भागायचं. अ: (४१ + ४) / ८४ = ५३.६ टक्के. ब: (४० + ७) / ९१ = ५१.६ टक्के. जवळपास ५ टक्क्यांचं अंतर २ वर आलं. पण लक्षात घ्या, अ अजूनही पुढेच आहे. म्हणजे हरण्याचं कारण नेम नाही.

आता पझेशन मोजा, म्हणजे चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला ते. सूत्र: फील्ड गोल प्रयत्न + ०.४४ × फ्री थ्रो प्रयत्न − आक्रमक रिबाउंड + टर्नओव्हर.
अ: ८४ + ७.०४ − ७ + १६ = १००.०
ब: ९१ + ८.८ − ११ + ११ = ९९.८

दोन्ही संघांना चेंडू सारख्याच वेळा मिळाला, आणि तसंच व्हायला हवं, कारण ताबा आलटूनपालटून जातो. दोन आकड्यांत तीन-चारपेक्षा जास्त फरक आला तर आधी नोंद तपासा, सूत्राला दोष नंतर द्या.

मग ब ला ७ शॉट जास्त कुठून मिळाले? टर्नओव्हर ५ कमी, आक्रमक रिबाउंड ४ जास्त, म्हणजे ९ संधी. त्यातल्या पावणेदोन जादाच्या ४ फ्री थ्रोमध्ये खर्च झाल्या. उरल्या साधारण ७. हाच तुमचा सामना.

बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांचे ‘चार घटक’ हेच सांगतात: नेम, टर्नओव्हर, आक्रमक रिबाउंड, फ्री थ्रो. त्यांनी दिलेला भार अनुक्रमे ४०, २५, २० आणि १५ टक्के. अ पहिल्यात थोडा पुढे, उरलेल्या तिन्हींत मागे. रिबाउंड मात्र नुसते मोजू नका, उपलब्ध किती होते त्याच्या प्रमाणात बघा. ब ने ११ / (११ + ३५), म्हणजे जवळपास २४ टक्के उचलले. अ ने ७ / (७ + ३३), साडेसतरा.

डेडबॉल

०.४४ का, ०.५ का नाही, हा पुढचा प्रश्न येणारच. दोन फ्री थ्रो म्हणजे एक पझेशन, हे दर वेळी खरं नसतं. बास्केट होऊन वर मिळालेला एक थ्रो, टेक्निकल फाउलचा (गैरवर्तन वगैरेंबद्दलचा) थ्रो, थ्रीवर फाउल झाल्यावरचे तीन थ्रो यांमुळे सरासरी खाली येते.

आता प्ले-बाय-प्लेवरून आलेले अ चे जादा ४ रिबाउंड. प्ले-बाय-प्लेमध्ये दोनपैकी पहिला फ्री थ्रो चुकला की लगेच ‘टीम रिबाउंड’ अशी ओळ येते. चेंडू खेळात नसतोच, ती फक्त जमाखर्च जुळवायला टाकलेली नोंद आहे. बचावपटूच्या हाताला लागून चेंडू बाहेर गेला तरी टीम रिबाउंडच. तिथे ताबा खरोखर राहतो, पण कोणा खेळाडूच्या नावावर चढत नाही. एनबीएच्या बॉक्स स्कोअरमध्ये टीम रिबाउंड एकूण बेरजेत धरत नाहीत. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघ) तक्त्यात संघाची वेगळी ओळ असते आणि ती बेरजेत येते. दोन्हीकडचे आकडे एका शीटमध्ये घातले की रिबाउंडची टक्केवारी बिघडते.

टर्नओव्हरचं नेमकं उलटं. २४ सेकंद संपले तर तो टर्नओव्हर संघाच्या नावावर लागतो, खेळाडूच्या रकान्यात दिसत नाही. पझेशनच्या सूत्रात संघाचा एकूण आकडाच घ्या, खेळाडूंची बेरीज नको.

सहावा फाउल

प्लस-मायनसबद्दल. तुमचा मुख्य स्कोअरर मैदानात असताना अ ८ ने नाही, १४ ने मागे पडला. म्हणजे तो बाकावर असताना १२ मिनिटांत अ अधिक ६. हे अधिक ६ म्हणजे फक्त दोन थ्री! १२ मिनिटांत संघाला पंचवीसेक पझेशन मिळतात, तेवढ्यात दोन थ्री इकडचे तिकडे होणं नेहमीचंच. त्यामुळे एका सामन्याच्या प्लस-मायनसवरून खेळाडूचा निकाल लावू नये. तो आकडा पाच जणांचा असतो आणि समोर कोण होतं हे सांगत नाही.

पण २४ गुणांनी भारावूनही जाऊ नका. ट्रू शूटिंग (फ्री थ्रो धरून नेम) काढा: गुण / (२ × (शॉट + ०.४४ × फ्री थ्रो)). त्याचं २४ / ४५.५२ = ५२.७ टक्के. बाकी संघाचे ७८ गुण, ६३ शॉट, १२ फ्री थ्रो, म्हणजे ५७.१ टक्के. संघाचे एक चतुर्थांश शॉट त्याने घेतले आणि इतरांपेक्षा महाग घेतले. माझ्या मते त्याच्याबद्दलची खरी तक्रार इथे आहे, उणे १४ मध्ये नाही.

तुलनेला एनबीएतले दोन दिग्गज: कोबी ब्रायंटचे २००६ मधले ८१ गुण, २८/४६ आणि फ्री थ्रो १८/२०, म्हणजे ७३.९ टक्के. विल्ट चेंबरलेनचे १९६२ मधले १००, ३६/६३ आणि २८/३२, म्हणजे ६४.९. तेव्हा एनबीएत थ्री नव्हता, तो १९७९-८० ला आला. स्टील आणि ब्लॉकची अधिकृत नोंदही १९७३-७४ पासूनची, म्हणून विल्टच्या ब्लॉकचे आकडे शोधू नका.

आर्कबाहेर

उलगडलं, धन्यवाद. शीट आपोआप तपासायला काय घालू?

डेडबॉल

तीन ओळी पुरतात. सगळ्यांची मिनिटं २४०, प्रत्येक ओव्हरटाइमला २५ वाढवा. फिबात ४० मिनिटांचा सामना, म्हणून २००. खेळाडूंच्या प्लस-मायनसची बेरीज फरकाच्या पाचपट, म्हणजे अ ची उणे ४० यायला हवी. आणि गुण = २ × फील्ड गोल + थ्री + फ्री थ्रो.

खेळाडूंच्या शॉट्सची बेरीज संघाच्या आकड्यापेक्षा एकाने कमी आली तर घाबरू नका. एनबीएत २०२५-२६ पासून पहिल्या तीन क्वार्टरच्या शेवटच्या ३ सेकंदांत, ३६ फूट किंवा त्याहून लांबून मारलेला आणि चुकलेला शॉट संघाच्या नावावर जातो, खेळाडूच्या नाही. आणखी एक अट, चाल आपल्याच अर्ध्या मैदानातून सुरू झालेली हवी.