एटीएमचे अनुभव : इंदूरकरांनो, लिहा

रामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं ते एटीएम उचलून नेलं. मोबाइलवरून पैसे देता येतात, मान्य. पण मावशींचा पगार, गुरुजींची दक्षिणा, आईचा हातखर्च यांना नोटाच लागतात. तुमच्या भागात काय परिस्थिती आहे? पैसे अडकले असतील तर परत कसे मिळवले तेही लिहा, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

सुदामा नगरहून :
दहा हजारांचा आकडा टाकला, आत नोटा मोजल्याची फरफर ऐकू आली, पण झडप काही उघडली नाही. पावतीही नाही. आणि पैसे वजा झाल्याचा मेसेज मात्र आला. शाखेत म्हणाले, 'येतील दोन दिवसांत.' आठवडा उलटला तरी पत्ता नाही. मग भाच्याने नियम काढून दिला. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहारानंतर 5 दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. हे सगळं अर्जात लिहिलं, पोच घेतली. रक्कम लगेच जमा झाली, भरपाईसाठी आणखी हेलपाटे घालावे लागले. ज्यांना हा नियम ठाऊकच नाही, त्यांचं काय होत असेल? फार राग येतो.

राजवाड्याजवळून :
सणाच्या गर्दीत मशीन हमखास रिकामं. गिऱ्हाईक 'पैसे काढून आणतो' म्हणून जातं ते येतच नाही. महिन्यात 10 तासांपेक्षा जास्त वेळ मशीन कोरडं राहिलं तर 10,000 रुपये दंड, असा नियम ऑक्टोबर 2021 पासून आहे. तो नीट लावला जावा.

लोकमान्य नगरहून :
मी पेन्शनर. माझी अडचण सुट्या पैशांची. मशीनमधून 500 च्याच नोटा निघतात आणि भाजीवाली सकाळी सकाळी एवढे सुटे कुठून देणार? 31 मार्च 2026 पर्यंत 90 टक्के एटीएममधून 100 किंवा 200 च्या नोटा मिळाल्याच पाहिजेत, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं आहे. आमच्या कोपऱ्यावर पहारेकरीही नाही. मागे उभा राहून 'काकू, मी काढून देऊ?' विचारणाऱ्याची भीती वाटते. कार्ड कुणाच्याही हातात देऊ नका.

परदेशीपुऱ्यातून :
नोव्हेंबर 2016 मध्ये सासरे दवाखान्यात होते. नव्या नोटा बसाव्यात म्हणून मशीनचे ट्रे बदलायचे होते, तोवर निम्मी एटीएम बंदच. रांगेतल्या अनोळखी माणसांनी मला पुढे जाऊ दिलं, ते विसरले नाही.

रामबागहून :
सुदामा नगर, पावती नसेल तर मशीन कुठलं ते कसं सांगायचं?

सुदामा नगरहून :
मशीनवर नंबराचा स्टिकर असतो, त्याचा आणि घड्याळातल्या वेळेचा तिथेच फोटो काढा. बँकेनं 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट. माहितीसाठी 14448 वर फोन लावा.