डेबियनने 32-बिट सोडलं म्हणून पेढे वाटणाऱ्यांना

पाटावरवंटा: बिटबहाद्दर यांनी काल लिहिलं की डेबियन 13 या लिनक्स सिस्टिममधून आय-386 चा, म्हणजे जुन्या 32-बिट प्रोसेसरांसाठीचा, कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इन्स्टॉलर गेला ते बरंच झालं, 'ती यंत्रं भंगारातच शोभतात'. गप्प बसणार होतो, पण राहवेना. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये सगळे 32-बिटवाले पेंटियम 4 आहेत, रॅम 512 एमबी. एका ऑफिसने टाकून दिलेले, आम्ही पुसूनपासून घेतलेले. पोरं त्यावर टक्स पेंट (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) चालवतात. जुन्या मशिनवरही लिनक्स पळतं, हेच सांगत आपण इतकी वर्षं लोकांना विंडोजपासून फोडलं ना? मग आता?

बिटबहाद्दर: सर, भावना पोचल्या. पण बिल्ड मोडलं, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयारच झालं नाही, की दुरुस्त कोण करणार? वापरणारे ढीगभर, सांभाळायला कुणी नाही. आणि नुसता पडून असलेला कोड गरीब गाय नसतो. 2015 ची व्हेनम नावाची सुरक्षेतली फट आठवा. संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या क्यूईएमयूमधला फ्लॉपी कंट्रोलर, बग 2004 पासूनचा. फ्लॉपी कोण लावत होतं? तरी त्या वाटेने गेस्टमधून (आभासी संगणकातून) होस्टमध्ये (खऱ्या संगणकात) घुसता येत होतं.

रात्रपाळी: +1. रायझर-एफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) 2022 मध्येच कालबाह्य ठरवली, काढली लिनक्स कर्नल 6.13 मध्ये, 2025 ला. एवढी मुदत घरमालकही देत नाही. माझी जुनी डिस्क तीच होती. शिव्या घालत सगळं ईएक्सटी-4 वर हलवलं.

पाटावरवंटा: तुमची डिस्क एक. आमच्याकडे जुन्या निकालांच्या फायली आहेत, त्याही जुन्या मराठी फॉन्टात. त्या याच मशिनवर नीट दिसतात.

अनुस्वार: थांबा थांबा. अजून बिगर-युनिकोड (सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतांत न बसणारे) फॉन्ट?? मग रडताय कशाला 32-बिटच्या नावाने! दुखणं फॉन्टचं आहे, प्रोसेसरचं नाही. फॉन्ट फाइल 64-बिटवरही तशीच चालते.

पाटावरवंटा: शहाणपण पुरे. टंकलेखनाची परीक्षा दिलेल्या बाईंनी टाइप केलंय ते. तेव्हा तुमचं युनिकोड आमच्या गावात पोचलं नव्हतं.

अनुस्वार: 'तुमचं' काय त्यात? तो फॉन्ट नसला की 'शाळा'ऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, शोधताही येत नाही. ह्या फॉन्टांनी मराठीचं जेवढं नुकसान केलं...

रात्रपाळी: झालं सुरू. धागा 32-बिटचा होता हो.

बिटबहाद्दर: सर, 32-बिटवालं डेबियन 12 ठेवा, आणि बाहेरून कुणी घुसू नये म्हणून लॅबची इंटरनेटची वायर काढा. टक्स पेंटला नेट लागत नाही. नाहीतर स्वतः मेंटेनर (कोड सांभाळणारे) व्हा, कुणी अडवलं नाही.

पाटावरवंटा: दहावीचे पेपर तपासून झाले की होतो हं मेंटेनर. बाकी वायर काढायला हरकत नाही, तसंही नेट महिन्यातून चार दिवस असतं.

अनुस्वार: फायली पाठवा, कन्व्हर्टर चालवून युनिकोडमध्ये करून देतो. भांडण वेगळं, काम वेगळं.

पाटावरवंटा: एक पाठवली होती, आलेली बघतोय. 'वर्ग'चं 'वगर्' झालंय आणि 'विषय'ची वेलांटी 'व'च्या आधीच लटकतेय. हे तुमचं युनिकोड?

अनुस्वार: जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर आणि वेलांटी अक्षराआधी टाइप करतात, म्हणून. क्रम उलटवायची स्क्रिप्ट आहे. फक्त पायथन 2 ची, म्हणजे त्या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीतली, आहे.

रात्रपाळी: तेही डेबियनने काढलंय.