फ्रीसेल : दहा चालींत चारही सेल गच्च

दुपारची_डुलकी
फ्रीसेल या कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांच्या खेळात माझे निम्मे डाव अडकतात. सुरुवात झकास होते, एखाद-दोन एक्के घरी (एकाच रंगचिन्हाचे पत्ते एक्क्यापासून चढत रचायच्या ढिगांत) जातात, आणि दहाव्या-बाराव्या चालीला बघावं तर चारही सेल, म्हणजे एकेक पत्ता तात्पुरता ठेवायच्या जागा, भरलेले. दुसरं कोडं म्हणजे, दोन सेल आणि एक कॉलम रिकामा असताना इस्पिक नव्वीपासूनची पाच पत्त्यांची लड (उतरत्या क्रमाने, एक काळा एक लाल) बदाम दश्शीवर मुकाट जाते. तीच लड रिकाम्या कॉलमात न्यायला गेलं की गेम तीनच पत्ते नेतो. हा बग आहे का? की काही डाव मुळात सुटतच नाहीत?

बारा_गावचा_गुलाम
बग नाही. फ्रीसेलमध्ये लड अशी उचललीच जात नाही. एका वेळी एकच पत्ता हलतो, गेम फक्त त्या चाली भराभर करून दाखवतो. हिशेब असा: रिकामे सेल अधिक १, आणि प्रत्येक रिकाम्या कॉलमागणिक दुप्पट.

दोन सेल रिकामे म्हणजे ३ पत्ते. जोडीला एक कॉलम रिकामा असेल तर ६, कारण टोकाचे तीन पत्ते त्या कॉलमात तात्पुरते उतरवायचे, उरलेले तीन दश्शीवर न्यायचे, मग उतरवलेले तीन त्यांच्यावर आणायचे. लड त्याच रिकाम्या कॉलमात न्यायची असेल तर उतरवायला जागा कुठली? म्हणून पुन्हा ३. चारही सेल भरले की १, म्हणजे तुमचे हात बांधलेच.

उलटा_पत्ता
वरचा हिशेब पाठ करा, पण खरा घोळ त्याच्या आधी होतो. दिसली चाल की केली, ही सोलिटेअरची खोड इथे नडते. फ्रीसेलमध्ये पहिल्यापासून सगळे ५२ पत्ते उघडे असतात. चार कॉलमांत ७-७, चारांत ६-६. तेव्हा माउसला हात लावण्याआधी चारही एक्के आणि चारही दुर्र्या कुठे आहेत आणि त्यांच्यावर किती पत्ते आहेत ते मोजा. उघडा एक्का बघून खूश होऊ नका. त्याची दुर्री सहा पत्त्यांखाली गाडलेली असेल तर तो घरी जाऊन एकटाच बसणार.

एक नमुना. सहा पत्त्यांच्या कॉलमात तळाला किलवर तिर्री, तिच्यावर चौकट एक्का, मग किलवर राजा, बदाम नव्वी, इस्पिक सत्ती आणि टोकाला बदाम छक्की. अडाणी चाल: छक्की, सत्ती, नव्वी, राजा चार सेलांत. एक्का सुटला, खेळ खलास. आता तीच गोष्ट लाल अठ्ठी आणि काळी दश्शी टोकाला असताना बघा. सत्ती-छक्कीची जोडी अठ्ठीवर (त्यासाठी एक सेल क्षणभर मोकळा हवा), नव्वी दश्शीवर, फक्त राजा सेलात. चारऐवजी एक सेल.

दुपारची_डुलकी
आणि लाल अठ्ठी मोकळी करण्यातच दोन सेल गेले तर?

उलटा_पत्ता
तरी चालतं, पण मग काळी दश्शी हवीच. दोन सेल आधीचे, राजाचा तिसरा. एक्का घरी गेला की तळाची तिर्री चौथ्या सेलात टाका, कॉलम रिकामा झाला, राजा त्यात उतरवा, एक सेल परत मिळाला. दश्शी नसेल तर नव्वी चौथा सेल अडवते आणि तिर्रीला जागा उरत नाही. मग त्या कॉलमाला हात लावू नका, दुसरीकडून सुरू करा. राजा उतरवतानाही बघा की त्याच्यावर ठेवायला लाल राणी आवाक्यात आहे का. नसेल तर एक सेल सोडवायला अख्खा कॉलम दिला, सौदा महागच.

घरबसल्या
दोन गोष्टी राहिल्या. पत्ते घरी पाठवायची घाई करू नका. एक्के आणि दुर्र्या बेलाशक पाठवा. पुढचा पत्ता मात्र विरुद्ध रंगाचे, एकाने लहान असे दोन्ही पत्ते घरी गेल्यावरच. म्हणजे लाल छक्की पाठवायची तर दोन्ही काळ्या पंज्या आधी गेलेल्या हव्यात. नाहीतर पंजी ठेवायला छक्कीच उरत नाही आणि पंजी सेल अडवून बसते. गेम आपोआप पत्ते वर पाठवत असेल आणि सेटिंगमध्ये ते बंद करता येत असेल, तर बंद करा.

न सुटणाऱ्या डावांबद्दल: विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये १ ते ३२,००० क्रमांकाचे डाव होते, त्यांतला न सुटणारा एकच, ११९८२. पुढे क्रमांक १० लाखांपर्यंत वाढले, त्यांत असे एकूण ८. (उणे १ आणि उणे २ हे डाव मुद्दाम न सुटणारे करून ठेवले होते, ते यात धरलेले नाहीत.) तेव्हा डावाला दोष देण्याआधी ‘अनडू’ दाबा. ती लबाडी नव्हे. पत्ते सगळे उघडेच असतात, मागे गेल्याने लपलेलं काही कळत नाही.

अडकलात की एकच चाल मागे जाऊ नका. तिसरा सेल जिथे भरला तिथपर्यंत जा, चूक बहुधा तिथेच असते.

दुपारची_डुलकी
तिसऱ्या सेलापर्यंत मागे गेले. किलवर गुलाम सेलात कोंबला होता, चौकट राणी शेजारच्याच कॉलमात टोकाला बसलेली.