‘उर्वरित कचरा’ आणि ‘पुनर्प्राप्ती’

प्रश्न : पालिकेच्या एका अहवालाच्या अनुवादात ‘रेसिड्युअल वेस्ट’साठी ‘उर्वरित कचरा’ आणि ‘रिकव्हरी’साठी ‘पुनर्प्राप्ती’ हे शब्द मी योजले आहेत. ते योग्य आहेत का? कचरा जाळून वीज मिळवण्याला ‘पुनर्वापर’ म्हणता येईल का?

उत्तर : ‘उर्वरित’ योग्यच आहे, मात्र कशातून उरलेला ते अहवालात आधी सांगावे. कोरडा कचरा निवडण्याच्या एका शेडमध्ये मी पाहिले, की तिथल्या ताई बाटल्या, पुठ्ठा आणि पत्रा हाताने बाजूला काढत होत्या, तर वेफरची चकचकीत पाकिटे, फाटक्या चपला आणि फोमचे तुकडे पट्ट्यावरून तसेच पुढे जाऊ देत होत्या. त्या ढिगाला तिथे ‘रिजेक्ट’ म्हणतात. निवड झाल्यावर जे राहते ते उर्वरित. न निवडलेला मिश्र कचरा नव्हे. दिल्लीत तिमारपूर येथे 1987 साली उभारलेली कचरा जाळून वीज करण्याची भट्टी चालली नाही, कारण तिच्यात येणाऱ्या मिश्र कचऱ्याचा उष्मांक, म्हणजे जळताना मिळणारी उष्णता, फार कमी होता. ‘टाकाऊ’ हा शब्दही मी टाळीन, कारण हाच ढीग बारीक करून सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीने जळण म्हणून वापरता येतो. किलोमागे 1500 किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक उष्मांक असलेला, पुन्हा वापरात न येणारा कचरा भरावभूमीत (लँडफिलमध्ये) जाऊ नये, असे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितले.

‘पुनर्प्राप्ती’ हे रूप संधिनियमाला धरून नाही. पुढे मृदू व्यंजन असेल तर ‘पुनर्’ होते (पुनर्वापर, पुनर्जन्म). ‘प’पुढे विसर्ग राहतो, म्हणून ‘पुनःप्राप्ती’. याच न्यायाने ‘रीसायकलिंग’साठी ‘पुनर्चक्रण’ नव्हे, ‘पुनश्चक्रण’. आपण ‘पुनश्च’ म्हणतो तसेच.

अर्थाचा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. भट्टीच्या तळाच्या राखेतून चुंबकाने लोखंड ओढून घेतात, ती खरी पुनःप्राप्ती, कारण ते लोखंड पूर्वीही लोखंड म्हणूनच वापरात होते. पाकिटातली उष्णता मात्र आधी कोणी घेतलेली नसते, आणि जळल्यावर पाकीटही उरत नाही. म्हणून तिथे ‘पुनः’ नको, नुसती ‘ऊर्जाप्राप्ती’ पुरे. जाळण्याला ‘पुनर्वापर’ तर म्हणूच नये. तसे लिहिले की निवड न करताच सगळा कचरा भट्टीत घातला तरी चालेल, असा वाचकाचा समज होतो. अनुवादात मी असे लिहीन : ‘उर्वरित कचऱ्यापासून ऊर्जाप्राप्ती आणि धातूंची पुनःप्राप्ती’.