बाबांना दोन्ही आरसे दिसायला हवेत: ३४ इंची कर्व्ह्ड घेऊ की थेट ४९?

प्रश्न (नाशिकरोडहून)

नमस्कार मंडळी. मॉनिटर घ्यायचाय, पण तो माझ्यापेक्षा बाबांसाठी जास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबांनी २२ वर्षं मुंबई-आग्रा रोडवर ट्रक चालवला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी विकावी लागली. गेल्या दिवाळीत मी एक जुनं लॉजिटेक जी२९ स्टिअरिंग आणलं आणि त्यांना युरो ट्रक सिम्युलेटर २ हा ट्रक चालवायचा गेम लावून दिला. तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की दीड-दोन तास ते लंडनहून एडिंबराला माल पोचवतात. स्टिअरिंग उजवीकडे असलेली केबिन मिळते आणि रस्त्याची डावी बाजू धरायची असते, म्हणून ब्रिटन सोडून फ्रान्सला जायला ते तयार नाहीत.

अडचण आरशांची आहे. सध्याचा मॉनिटर २४ इंची, फुल एचडी. उजवा आरसा अर्धा कापला जातो, क्लीनर साइडचा तर दिसतच नाही. एफ२ दाबून कोपऱ्यात आरसे आणता येतात, पण बाबा म्हणतात, "आरसा जिथं असतो तिथंच बघायची मानेला सवय आहे." मला ते पटतं.

टेबल १२० बाय ६० सेंटिमीटर, सागवानी, भिंतीला टेकलेलं. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. बजेट ४५ हजार, फार तर पन्नास. दिवसा याच मॉनिटरवर मी ऑटोकॅडमध्ये घरांचे प्लॅन काढतो. बाबांचा चष्मा दुहेरी काचेचा आहे. ३४ इंची पुरेल, की पैसे साठवून ४९ इंची घ्यावा?

उत्तर (पिंपरीहून)

तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. मी तीन वर्षं ३४ इंची, व्हीए (पडद्याच्या पॅनलचा एक प्रकार), १५००आर कर्व्हचा मॉनिटर वापरतोय, हाच गेम खेळतो, म्हणून मोजून सांगतो.

इंच बाजूला ठेवा, आधी डोळ्यापासून पडद्याचं अंतर धरा. स्टिअरिंग लावल्यावर ते सत्तर सेंटिमीटरच्या आसपास येईल. तेवढ्यावरून २४ इंची पडदा नजरेचे जेमतेम ४० अंश व्यापतो. ३४ इंची साधारण ६०. ४९ इंची, १०००आर असेल तर ९५ च्या घरात. १०००आर म्हणजे एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, १५००आर म्हणजे दीड मीटरच्या. आकडा लहान, तितका बाक जास्त.

म्हणजे ३४ वर दोन्ही आरसे खऱ्या मापात बसणार नाहीत. एफ४ दाबून सीटच्या सेटिंगमध्ये जा, एफओव्ही (किती रुंद दृश्य दिसेल ते) थोडा वाढवा आणि सीट थोडी मागे घ्या. माझ्याकडे तसं केल्यावर उजवा आरसा पूर्ण आणि डावा जवळजवळ पूर्ण दिसतो. पाच मिनिटांत डोळा सरावतो.

उंचीचं एक लक्षात घ्या. ३४ इंची अल्ट्रावाइड (जास्त रुंद पडद्याचा) मॉनिटर उंचीला साध्या २७ इंचीएवढाच असतो, साधारण ३३-३४ सेंटिमीटर. वाढते ती रुंदी, सुमारे ८० सेंटिमीटर. आणि दुकानात रिझोल्युशन विचाराच. स्वस्तातले काही ३४ इंची २५६० बाय १०८० चे असतात. ते घेऊ नका. पिक्सेल इतके मोठे दिसतात की तुमच्या प्लॅनमधली बारीक अक्षरं फाटतील. ३४४० बाय १४४० च घ्या.

उत्तर (ठाण्याहून)

माझ्याकडे ४९ इंची आहे, ५१२० बाय १४४०. दोन २७ इंची मॉनिटर मध्ये फट न ठेवता जोडावेत, तसा. ट्रकमध्ये बसल्यासारखं वाटतं हे खरं आहे. क्लीनर साइडचा आरसा बघायला खरोखर मान वळवावी लागते.

तरीही तुमच्या टेबलावर तो घेऊ नका असंच सांगेन. बाक धरूनही रुंदी ११५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे टेबल काठोकाठ भरलं. स्टँडसकट खोली चाळीसच्या वर, मग साठ सेंटिमीटरात स्टिअरिंग कुठं लावणार? वजनही सोळा किलोच्या घरात. मी त्यासाठी ८० सेंटिमीटर खोलीचं टेबल करून घेतलं. शिवाय ५१२० बाय १४४० म्हणजे ७३ लाख पिक्सेल, फोर-केच्या जवळपास. ३०६० ला तो भार जड जाईल. ३४४० बाय १४४० चे जवळपास ५० लाखच होतात.

उत्तर (कोल्हापूरहून)

मीही ड्राफ्टिंग करते, म्हणून ऑटोकॅडपुरतं लिहिते. कर्व्ह्ड पडद्यावर लांब आडवी रेघ पहिले चार-पाच दिवस वाकलेली वाटते. १५००आर वर आठवड्यात सवय झाली. १०००आर मैत्रिणीकडे वापरून पाहिला, तिथं मात्र लेव्हलच्या रेघेवर माझा विश्वास बसेना.

दुहेरी चष्म्याचं अवश्य बघा. माझे सासरे खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करून बसायचे आणि मान दुखायची. मॉनिटरची वरची कड डोळ्याच्या रेषेच्या थोडी खाली ठेवली आणि सत्तर सेंटिमीटरसाठी वेगळा एकाच नंबरचा चष्मा करून घेतला. ते दुखणं थांबलं.

विचारणारा

सगळ्यांचे आभार. चष्म्याचा विचार मी केलाच नव्हता, शनिवारी नंबर तपासून घेतो. आता एकच शंका. बाबांना रात्रीचाच प्रवास आवडतो. दुकानदार व्हीए दाखवतोय, मित्र म्हणतो आयपीएस पॅनल घे. ओलेड हा तिसरा प्रकार बजेटच्या बाहेर आहे.

उत्तर (पिंपरीहून)

रात्रीच्या गाडीसाठी हाच खरा प्रश्न आहे. व्हीएचा काळा रंग खोल असतो. समोरचे हेडलाइट उठून दिसतात, रस्ता काळा तो काळाच. पण स्वस्त व्हीएमध्ये काळ्यातून करड्यावर जाताना पिक्सेल सावकाश बदलतात, त्यामुळे अंधारात सरकणाऱ्या झाडांमागे काळी शेपटी ओढल्यासारखी दिसते. आयपीएसवर ती शेपटी जवळपास नसते. मात्र अंधाऱ्या खोलीत काळा रंग करडा दिसतो आणि कोपरे उजळतात.

रेसिंगला मी आयपीएस म्हणालो असतो. ट्रक ताशी ऐंशी-नव्वदच्या वर जात नाही, त्यामुळे बाबांसाठी व्हीए. फक्त दुकानात नेताना लॅपटॉपवर रात्रीचा रस्ता रेकॉर्ड करून न्या आणि तोच त्या मॉनिटरवर लावायला सांगा. दुकानातली रंगीत फुलं बघून काही कळत नाही.

घरी आल्यावर खोका फोडताना सलग व्हिडिओ काढा. माझ्या पहिल्या नगाला उजवीकडे उभी रेघ होती. व्हिडिओ होता म्हणूनच तो बदलून मिळाला, तरी अकरा दिवस गेले.

आणि आजच एक करा. पुठ्ठा ८० बाय ३४ सेंटिमीटर कापा, थोडा वाकवून मॉनिटरच्या जागी उभा करा आणि बाबांना स्टिअरिंगवर बसवा.

विचारणारा

केलं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा होता. बाबा बसले, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मग पेन मागितलं आणि पुठ्ठ्यावर दोन्ही आरसे काढले. डावा कडेपासून चार बोटं आत आला. "एवढ्यात मागची गाडी दिसते," म्हणाले. ३४ इंचीच घेतोय, व्हीए, १५००आर. स्टिअरिंगच्या मागे अजून वीतभर जागा उरते.

१४४ हर्ट्झसाठी (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलायला) जुनी एचडीएमआय केबल चालेल का?

उत्तर (ठाण्याहून)

डिस्प्लेपोर्ट ही दुसऱ्या प्रकारची केबलच लावा. बऱ्याच मॉनिटरांचं एचडीएमआय २.० असतं, ते या रिझोल्युशनला १०० हर्ट्झच्या आसपास अडतं. डिस्प्लेपोर्टची केबल बहुतेकदा खोक्यातच येते. जोडल्यावर विंडोजमध्ये जाऊन १४४ निवडा, तो पुष्कळदा ६० वरच राहिलेला असतो.